मुठीची ज्वारी

माझ्या कामाला तेव्हा नाव नव्हतं. वर्ध्याच्या लोकांनी ते परस्पर ठेवलं: चंदेवाली बाई. मी चौकातून चालले की कापसाचे दलाल एकमेकांना कोपर मारायचे, खिसे सांभाळा म्हणून. खरं तर मी स्वतः चंदा फार कमी मागितला. माझं काम इतरांना मागायला शिकवायचं. जिल्ह्यात खेडोपाडी सेवाभावी दवाखाने निघाले होते, कुठे बाळंतिणींसाठी, कुठे महारोग्यांसाठी, कुठे नुसतीच मलमपट्टी. उमेद दांडगी आणि पेटी रिकामी, अशी सगळ्यांची तऱ्हा. अशा ठिकाणी जायचं, पैसा कुठून येतो ते बघायचं, आणखी कुठून येईल ते सुचवायचं आणि देणाऱ्याची नि घेणाऱ्याची गाठ घालून द्यायची. आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींनी मला हे काम दिलं त्यात माझी हुशारी नव्हती. माझे वडील कापसाच्या पेढीवर मुनीम होते. कोणत्या शेठजींकडे कोणत्या वेळी जायचं आणि कोणाच्या घरी आधी त्यांच्या आईच्या पाया पडायचं, हे मला परकरात असल्यापासून ठाऊक होतं.

काम मला आवडायचं. त्याची आता लाज वाटते, पण आवडायचं. एखाद्या दवाखान्यात शिरले की तिथे काय चुकतंय ते मला लगेच दिसायचं, आणि ते बोलून दाखवल्याशिवाय मला राहवायचं नाही. नवरा म्हणायचा, तू देवळात गेलीस तर देवालाही सांगशील की दानपेटी डावीकडे हवी. तो मास्तर होता आणि त्याचा पगार बेताचा, त्यामुळे त्याची थट्टा मी चालवून घेत असे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मला सिंदीजवळच्या एका गावी पाठवलं. नागपूरकडे जाणारी पॅसिंजर धरून सिंदीला उतरायचं आणि पुढे बैलगाडी. तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर, आणि सरकारी दवाखाना म्हणजे आम्हाला कायम दुसऱ्या गावी असलेली गोष्ट. या गावातला दवाखाना दोन खोल्या आणि एक ओसरी एवढाच. तिथे एक नर्सबाई राहायची. हिंगणघाटकडची, तिशीतली, विधवा, बाळंतपणाचं शिक्षण घेतलेली. उंच आवाजाची आणि हसरी. तिचा पगार असा नव्हताच. गावच तिला पोसायचं, आणि तेही मुठीनं.

ही मूठ म्हणजे अशी, की सकाळी दळायला ज्वारी काढताना बाईनं एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकायची. बाजाराच्या दिवशी आठवड्याची जमलेली ज्वारी फडक्यात बांधून दवाखान्यात आणून द्यायची. नर्सबाई त्यातली खायला ठेवायची, बाकीची विकून घासलेट, कापूस, टिंक्चर आणायची. मी पहिल्यांदा गेले तो बाजाराचाच दिवस होता. ओसरीवर पंधरा-वीस बाया सुपं घेऊन बसलेल्या. कोणाच्या ज्वारीत खडे, कोणाचीत सोंडेकिडे, कोणी घाईत तुरीची डाळ मिसळलेली. त्या निवडत होत्या, पाखडत होत्या, नर्सबाई त्यांच्यात मांडी घालून गप्पा हाणत होती. कोणाचा पाय ओढून बघ, कोणाची पापणी खाली कर, कोणाच्या कानात काही विचार. दुपार तशीच गेली.

माझा तर जीव वर-खाली झाला. शिकलेली नर्स आणि आठवड्यातला अर्धा दिवस ज्वारी निवडते! मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "हौ ना बाई, या सोंड्यांनी तं जीव खाल्ला." तिची नापसंती बघून मला जोरच चढला. हे मुद्दाम सांगते आहे. आम्ही दोघीही त्या ज्वारीला कंटाळलो होतो, आणि दोघींनाही तिचं खरं काम कळलं नव्हतं.

सिंदीला एक जिनिंगवाले शेठजी होते. कापसाच्या दर गाडीमागे व्यापारी धर्मादाय म्हणून थोडी रक्कम कापून ठेवत. ती गोरक्षणाला, धर्मशाळेला, पाणपोईला जायची. माझं म्हणणं असं, की त्यातला एक वाटा या दवाखान्याला का नाही? बाळंतपण हेही पुण्याचंच काम. दुपारची झोप काढून उठलेले, तोंडावर पाणी मारलेले शेठजी मी गाठले. त्यांच्या आई बाजूलाच बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघत मी बाळंतिणींच्या हालाबद्दल बोलले. म्हातारीनं डोळे पुसले आणि काम झालं.

शेठजींनी एकच अट घातली. "देईन ना बाई, दर महिन्याले देऊ. पण ते जवारी बंद करा. मी देऊन राह्यलो अन् वरून गरिबाची मूठ घेतली, तं लोक काय म्हनतीन? आमालेच पाप लागन."

अट बोलून पुरी व्हायच्या आत मी हो म्हटलं. भला माणूस, भल्या मनानं बोलत होता. मलाही तेच हवं होतं.

पुढच्या बाजाराला मी ओसरीवर उभी राहिले आणि बायांना सांगितलं, की आता मूठ आणायची गरज नाही. तुमच्या तोंडचं काढून दवाखाना चालवण्याचे दिवस गेले. मला वाटलं, बाया खूश होतील. तेवढ्यात कडेला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मंग आता आमी काऊन येवाव?"

"आजारी पडलात की या," मी म्हटलं आणि हसले.

त्या उठल्या, सुपं झटकली आणि बाजाराला गेल्या. नर्सबाईनं दोन्ही हात कपाळाला लावून सोंड्यांना निरोप दिला. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पैसा वेळेवर येऊ लागला. नर्सबाईला पगार मिळाला, दोन नवी लुगडी झाली. रक्तदाब मोजायचं यंत्रही आलं, त्या भागातल्या एकाही खेड्यात तसं नव्हतं. सेक्रेटरींनी बैठकीत माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं, पण मनातून फुगले होते. घरी येऊन नवऱ्याला ते कौतुक शब्द न् शब्द ऐकवलं.

संक्रांतीच्या सुमारास नर्सबाई न कळवता वर्ध्याला माझ्या घरी आली. मी चुलीपाशी होते. तिथेच पाटावर बसली. चहा निवत चालला तरी तिचं कपाकडे लक्ष नव्हतं.

"बाई, ओसरी रिकामी पडली," ती म्हणाली. "तापवाले येते, इचू चावलेले येते, कुऱ्हाड लागलेले येते. पोटुशा येत नाईत. एकबी नाई."

"का नाही येत?"

"आपन म्हटलं ना, बिमार पडलं की या. पोटुशी बाई कुठं बिमार राह्यते? सासवा म्हनते, बिमार नाई तं काऊन पाठवाव?"

ती 'आपण' म्हणाली. बोलले होते मी एकटी, ती फक्त शेजारी उभी होती. तिनं तो शब्द दोघींत वाटून घेतला हेच मला जास्त लागलं.

मग तिनं ते उलगडून सांगितलं, आणि सांगता सांगता तिलाही नव्यानं कळत असावं. सुनेला घराबाहेर पडायला कारण लागतं. विहीर आणि शेत ही कामं सासूच्या नजरेखालची. पण मूठ पोचवायची म्हणजे धर्माचं काम, त्याला कोणी नाही म्हणत नसे. सून फडकं घेऊन यायची, ज्वारी निवडायला बसायची, आणि त्या तासाभरात तिचे सुजलेले पाय, पांढरी पडलेली पापणी नर्सबाईला दिसायची. कोणी विचारायला येत नव्हतं, कोणी तपासायला येत नव्हतं. सगळ्या ज्वारी द्यायला येत होत्या. मी ज्वारी थांबवली आणि यंत्र आणलं. यंत्र कपाटात चकचकीत पुसून ठेवलेलं होतं.

"अन् एक पोट्टी हाय," नर्सबाई म्हणाली. "मागच्या खेपेले मेलेलं झालं तिले. यंदा दिवाळीतच पाय सुजून राह्यले होते. मी म्हटलं होतं, दर बाजाराले दाखवजो. आता दिसतच नाई. मी घरी गेलती, तं सासूनं दारातच पानी देल्लं अन् वाटंले लावलं. मले त्या पोट्टीचं भेव वाटते बाई."

दुसऱ्या दिवशीची पॅसिंजर धरून आम्ही निघालो.

ते घर खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं होतं. सासू कजाग असेल अशी मनाची तयारी करून मी गेले होते, भांडायच्या तयारीनं. पण ती साधी, बोलकी बाई निघाली. आम्हाला सतरंजी टाकली, गूळ-पाणी दिलं. सून आतल्या दाराशी उभी होती. उजेड मागून येत होता, त्यामुळे चेहरा नीट दिसेना. मी सासूला म्हटलं, हिला दवाखान्यात पाठवा.

"नाई बाई," ती म्हणाली. "मागच्या खेपेले हे मुठीपायी दर बाजाराले बाहेर गेलती. लोकं म्हनले, नजर लागली, म्हनून मेलं. तरी तवा धर्माचं काम होतं, मी जाऊ देल्लं. आता कशाले? यंदा मी तिले उंबरठा ओलांडू देत नाई. मले लेकरू जितं पायजे."

तिलाही तेच हवं होतं, जे आम्हाला हवं होतं. हिच्याशी भांडायचं कसं? मग मी म्हटलं, मूठ पुन्हा सुरू करतो आहोत. शेठजींची अट मोडत होते, पण त्या क्षणी शेठजी कोणाच्या लक्षात होते! सासूचा चेहरा उजळला. ती उठली, आत गेली आणि सूपभर ज्वारी घेऊन आली. "घ्या ना. पदर पसरा."

झालं. ज्वारी दारातच मिळाली. सुनेला कशाला यायला लागतंय?

मी जन्मात नवस बोलले नव्हते. मंगळसूत्राशिवाय अंगावर श्रद्धेचं काही ठेवत नसे, आणि दुसऱ्यांच्या गंड्यादोऱ्यांना तोंडावर हसत असे. तीच मी तोंड उघडून म्हणाले, "अशी नाही घेता येत. पोटुशीच्या हातची मूठ लागते. तिनं स्वतः बाजाराच्या दिवशी आणून टाकायची, ओसरीवर बसून निवडायची. तरच ती पोटातल्या जिवाला पावते."

सासू हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "हे अगुदर काऊन नाई सांगितलं, बाई?"

मी म्हटलं, राहून गेलं.

परतताना नर्सबाई म्हणाली, "तुमी तं भगतावर ताण केली." मला हसू आलं नाही. पण सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. बाजाराला मधे थोडेच दिवस होते. तेवढे थांबू, असं आम्ही ठरवलं. त्याच दुपारी सुनेला गाडीत घालून का नेलं नाही, हे मला पुढे खूप वेळा विचारावंसं वाटलं, पण विचारणार कोणाला?

बाजाराच्या दिवशी सासू सुनेचा हात धरून आली. उजेडात सुनेचा चेहरा दिसला. डोळे सुजेनं बारीक झाले होते. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. तिनं मात्र फडकं सोडलं, पाय लांब करून बसली आणि सांगितल्याप्रमाणे ज्वारी निवडायला लागली. डोकं दुखतं म्हणाली, आणि खडे नीट दिसत नाहीत. नर्सबाईनं कपाटातून यंत्र काढलं. पट्टा आवळला, हवा भरली, बघितलं, सोडली, पुन्हा भरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी जुंपाले सांगा."

बैलगाडीनं सिंदी, तिथून रेल्वेनं वर्धा. डब्यात सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिथल्या मोठ्या दवाखान्यात पोचता पोचता सुनेला झटके आले. डॉक्टरीणबाईंनी रात्रभर धडपड केली. पोरगी वाचली. मूल गेलं, मुलगा होता. आता इतक्यात पुन्हा दिवस राहू देऊ नका, राहिले तर ही जाईल, असं त्यांनी सासूला बजावलं, आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "आधी का नाही आणलंत?"

सासू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. थोड्या वेळानं तिनं मला जवळ बोलावलं.

"बाई, मूठ उशिरा टाकली म्हनून का हे?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मंग कशानं?"

मी तिच्या शेजारी बसले. माझ्यानं, असं म्हणायला पाहिजे होतं. तोंडात आलंही होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि देवाची मर्जी म्हणाले. त्या आठवड्यात मी दुसऱ्यांदा देवाला मधे घातलं.

गावानं याचा वेगळाच अर्थ लावला. पोटुशीच्या हातची मूठ पडली म्हणून सून तरी वाचली, वेळेत पडती तर लेकरूही वाचलं असतं, असं घरोघरी झालं. पुढच्या बाजाराला पोटुशा आल्या. मग शेजारच्या गावांतूनही येऊ लागल्या, सासवा स्वतः आणून सोडू लागल्या. नर्सबाईला आता कोणाचे पाय ओढून बघायला लाजावं लागत नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिच्या हातून झालेली बाळंतपणं सुखरूप झाली. शेठजींना मी भीतभीत सांगायला गेले, तर ते खूश. पोटुशीची मूठ म्हणजे पुण्याचं काम, म्हणाले, आणि ज्याला त्याला सांगत सुटले. सेक्रेटरी म्हणाले, ही कल्पना इतर केंद्रांवर न्या. कल्पना! मी ती नेली. इतर तीन-चार गावांत माझ्या तोंडानं तेच सांगितलं, आता न अडखळता.

उन्हाळा सरता सरता एका बाजाराच्या दिवशी मी पुन्हा तिथे गेले. ओसरीवर पोटुशा दाटीवाटीनं बसल्या होत्या, नर्सबाई यंत्राचा पट्टा एकीच्या दंडाला बांधत होती. कुंपणाबाहेर ती सून उभी दिसली. सूज उतरली होती. आता पाहिलं तर अगदी कोवळी पोर, विशीचीही नसेल. पदराच्या टोकाला गाठ मारून तिनं ज्वारी आणली होती. मी बाहेर गेले, तब्येत विचारली. ती बरी आहे म्हणाली. मग ओसरीकडे बघून हळूच विचारलं, "बाई, माह्या हातची आता चालत नाई ना?"

चालते, एवढंच म्हणायचं होतं. पण बाया ऐकत होत्या, त्यांना सोडून गेलेली एक सासूही कुंपणाशी रेंगाळत होती. हिची चालते म्हटलं, तर कोणाचीही चालते. कोणाचीही चालते, तर दारातून दिलेलीही चालते, आणि मग या ओसरीवरच्या सगळ्या घरात राहतात. खरं सांगायचं तर मी खोटं बोलले होते असं सांगावं लागेल, आणि त्यापायी हिच्या सासूनं महिनोन्महिने स्वतःला खाल्लं हेही. नर्सबाईनं आतून माझ्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात विनवणी होती की धाक, मला कळलं नाही.

"तुझी मी घेते," मी पदर पुढे केला. "माझ्या घरी नेते."

तिनं गाठ सोडायला घेतली होती. हात थांबला.

"म्हनजे दवाखान्यात नाई," ती म्हणाली. राग नव्हता, नुसतं समजून घेत होती. तिनं गाठ पुन्हा आवळली, पदर कमरेला खोचला. "राहू द्या मंग. झाली पोटुशी, तं आनीन."

आणि ती बाजाराच्या वाटेला लागली. डॉक्टरीणबाईंचे शब्द मला पाठ होते. मी तिला हाक मारली नाही.